मिठातली कॅसेट

माइक चालू आहे की नाही हे पाहायला सगळं जग ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणतं. आमचे भोंगेकाका म्हणायचे, “सुरमई, पापलेट, बोंबील.”

लग्न असो, बारसं असो, चर्चचा सण असो की निवडणुकीची सभा असो, काका मांडवात येणार, माइकच्या तोंडावर स्वतःचा रुमाल टाकणार, घसा खाकरणार आणि गंभीर चेहऱ्याने तीन मासळ्यांची नावं घेणार. त्यामागे त्यांचं शास्त्र होतं. सुरमईच्या ‘स’ला माइक सिसकारतो का, पापलेटच्या ‘प’ला फुटतो का आणि बोंबीलच्या ‘बों’ला भोंग्याचा पत्रा थरथरतो का, हे एका दमात कळायचं. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत भटजींनी हात जोडले. “अहो, निदान आज तरी भाज्यांची नावं घ्या.” काकांनी विचार केला आणि “दुधी, पडवळ, भोपळा” असं म्हणून पाहिलं. मग निराश होऊन मान हलवली. “नाय भटजी. भाजीत दम नाय.”

त्यांचं खरं नाव त्यांच्या साउंड सर्व्हिसच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? भोंगे भाड्याने देणारे म्हणून ते भोंगेकाका. वसईतल्या सांडोर गावात केळीच्या वाडीमागे त्यांची पत्र्याची शेड होती आणि शेडला लागून बावखल. बावखल म्हणजे विहिरीहून मोठं आणि तळ्याहून लहान असं वाडीचं पाणी, जिथे बेडकांचा पिढीजात मुक्काम असतो. माणूस काडीसारखा, खाकी हाफपँट, आणि शर्टाच्या खिशात फ्यूजच्या तारा, पक्कड, टेस्टर, विड्या असा सगळा संसार, त्यामुळे ते नेहमी किंचित डावीकडे झुकलेले दिसायचे.

डावीकडे आणखी एक गोष्ट होती. डाव्या कानात कायम कापसाचा बोळा. नवख्याला वाटायचं कान फुटलाय. तसं काही नव्हतं. उजवा कान रोजच्या वापराचा आणि डावा रेकॉर्डिंगचा, अशी त्यांनी वाटणी केली होती. भोंग्यांच्या धंद्यात कान झिजतात, म्हणून एक तरी कोरा ठेवला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कॅसेट लावली की देवघरातला दिवा लावावा तसा ते बोळा काढायचे आणि विडीच्या बंडलावर ठेवायचे. काकी म्हणायच्या, “माझं बोलनं कायम झिजलेल्या कानात. चांगला कान मशीनला.”

आता मिठाबद्दल. काकांचा जन्म नायगावकडच्या खाडीवरच्या मिठागरात काम करणाऱ्या घरातला. लहानपणी त्यांनी मिठाच्या राशींवर घसरगुंडी खेळली होती आणि त्या वयात मनात जे बसतं ते बसतंच. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध होतं. घसा बसला, मिठाच्या गुळण्या. मुंग्या आल्या, भोंग्याच्या पेटीखाली मीठ. दृष्ट लागली, मीठ. अॅम्प्लिफायर खरखरला तरी त्याच्यावरून मीठ ओवाळायचे, आणि गंमत म्हणजे कधीकधी खरखर थांबायची. “मिठात काय कुजत नाय,” हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसाला एकदा तरी ऐकू यायचंच.

आणि म्हणून ते कॅसेट मिठात ठेवायचे.

ही थट्टा नाही. वसईच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी धरायची, हे खरंच होतं. बाकीचे साउंडवाले कपाटात डांबरगोळ्या टाकत. काकांकडे शेडच्या कोपऱ्यात कमरेएवढी चिनीमातीची बरणी होती. तळाला जाडं मीठ, त्यावर कॅसेट, त्यावर मीठ, पुन्हा कॅसेट. सुके बोंबील भरावेत तशी भरलेली. प्रत्येक कॅसेट आधी पेन्सिलीने मागे गुंडाळायची, मग मांडवाच्या जुन्या कापडाची चिंधी बांधायची, कारण लेबलावरची शाई मिठात टिकत नाही. लाल चिंधी कोणाची, पिवळी कोणाची, हे फक्त त्यांना ठाऊक. वर दादऱ्याचं फडकं बांधलं की बरणीवर थोपटायचे आणि म्हणायचे, “मुरू दे.”

आमचा बँड या बरणीत कसा गेला, ती हकिगत अशी.

आम्ही चौघे. विल्सन सांडोरचाच, वाडीवाल्याचा मुलगा. तो गायचा आणि गिटार वाजवायचा. शेजारच्या नंदाखाल गावचे दोघे भाऊ, एक गिटारवर आणि एक बेसवर, दिवसभर एकमेकांशी भांडायचे आणि सुरात मात्र बरोबर एकत्र यायचे. आणि मी, कोकणातून वसईत फ्लॅट घेऊन आलेल्या कारकुनाचा मुलगा, ड्रमवर. दहावी-अकरावीचं वय. विल्सनचे मामा बोटीवर नोकरीला होते. ते सुट्टीवर येताना रॉक अँड रोलच्या कॅसेट आणायचे, आणि त्या ऐकून आमची डोकी फिरली होती. आमच्या बँडचं नाव होतं ‘द मिडनाइट अँकर्स’. काकांनी ते दोनदा म्हणवून घेतलं, अर्थ विचारला आणि म्हणाले, “मिडनाइट कसले? नऊ वाजले की तुमच्या आया हाका मारत येतात.”

सराव करायला जागा नव्हती. विल्सनच्या घरी त्याची आजी जपमाळ घेऊन बसायची. माझ्या बिल्डिंगमध्ये मी नुसतं टेबल वाजवलं तरी खालच्या मजल्यावरचे जोशी वर यायचे. नंदाखालला भाऊ भांडायचे आणि त्यांचे वडील दोघांना धरून बदडायचे. शेवटी विल्सनने काकांना गाठलं. काकांनी नुकताच एक नवा टेपरेकॉर्डर घेतला होता आणि त्याच्यावर काय वाजवावं ते त्यांना कळत नव्हतं. “लग्नात सगळे सारखंच वाजवतात,” ते म्हणाले. “तुमचा गोंगाट मशीनला सोसतो का ते बगू.”

आमचं इतकं खरं कौतुक तोवर कोणी केलं नव्हतं.

शेडला काकांनी आतून भाताच्या पेंढ्या रचल्या आणि वर गोणपाट ठोकले. माझ्याकडे लग्नाच्या बँडवाल्यांकडून उसना आणलेला साइड ड्रम होता आणि पायाने वाजवायला त्यांचाच जुना मोठा ढोल. झांज मात्र नव्हती. मी काकींची पितळी परात सुतळीने वाशाला टांगली. पहिल्याच दिवशी तिला पोचा पडला. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. “भाकरी कशात मळू?” काका कापसाच्या कानाने त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, “ऐकू नाय आलं.” पुढे महिनाभर काकी मला पाहिलं की फक्त “परात” एवढंच म्हणायच्या.

रेकॉर्डिंगचे काकांचे नियम दोन. पहिला, परत नाय. गाणं एकदाच वाजवायचं. चुकलं तर चुकलं. आम्ही विनवण्या करायचो की मधली तान पुन्हा घेऊ, बेस चुकलाय. काका म्हणायचे, “लग्न परत लावतो काय कोन, फोटो हलला म्हनून?”

दुसरा नियम भयंकर होता. गाणं संपलं की कोणी हलायचं नाही. काका बोट ओठांवर ठेवायचे आणि टेप चालूच राहायची. “आता गप. जागेला पन वाजू द्या.” म्हणजे शेडचा, वाडीचा, बावखलाचा आवाज रेकॉर्ड व्हायचा. पाण्याचं इंजिन, बेडूक, नारळाच्या झावळ्यांची सळसळ, दूर कोणाची तरी म्हैस. काकांचं मत असं की गाणं हे पाहुणं असतं, जागा ही घरधनीण. पाहुण्याचा फोटो काढायचा आणि घरधनिणीचा नाही, हे काही बरोबर नाही. आम्हाला ते वेडाचार वाटायचं. अंगात रॉक अँड रोल भिनलेली सोळा वर्षांची चार पोरं, आणि त्यांनी बेडूक ऐकत बसायचं. एकदा धाकट्या भावाला हसू आवरेना, तर काकांनी त्याला बावखलाच्या कट्ट्यावर नेऊन बसवलं, “आदी पान्याकडनं शीक गप बसायला.” तो तिथेच झोपला.

आमची गाणी विल्सन लिहायचा. इंग्रजीत. शब्द साधेच असायचे, बेबी, रोड, रेन, टुनाइट. यांतला एकही शब्द सांडोरमध्ये कोणी वापरत नसे, पण त्याला काय झालं! विल्सन गायला लागला की वेगळाच माणूस व्हायचा. नाकातून, जबडा वाकडा करून, परदेशी साहेबासारखा. बोलताना मात्र त्याचा आवाज मऊ, जरा घोगरा, गावाकडचा. त्या आवाजात तो भाजीवालीशी बोलायचा, कुत्र्याशी बोलायचा, काकींकडे चहा मागायचा. आम्हाला तो आवाज ऐकण्यासारखा वाटलाच नाही. रोज मिळणाऱ्या गोष्टीचं कौतुक कोणाला असतं?

ती शेवटची कॅसेट एका रविवारी दुपारी झाली. एकामागून एक गाणी घेतली. पोटात कावळे ओरडत होते. शेवटचं गाणं संपलं, मी परातीवर शेवटचा तडाखा दिला, काकांनी बोट ओठांवर ठेवलं. टेप चालू. इंजिन. बेडूक. आणि त्या पवित्र शांततेत विल्सन सरळ मोठ्याने बोलला.

आम्ही थिजलो. काका डोळे मोठे करून त्याच्याकडे पाहत राहिले. मग ओरडले की हे मी सगळं पुसणार. त्यांनी टेप थांबवली, कापूस कानात घातला, कॅसेट काढली आणि घरात निघून गेले. विल्सन नक्की काय बोलला ते मी पुढे विसरूनही गेलो. लक्षात राहिला तो काकांचा चेहरा. आम्ही त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

आठवड्याने आम्ही कॅसेट ऐकायला मागितली. काकांनी बरणीवर थोपटलं. लाल चिंधी बांधून कॅसेट आत गेली होती. “लोनचं घातल्या घातल्या खातात काय? मुरू दे.” मग परीक्षा आल्या. मग भावांना वडिलांनी गोव्याला त्यांच्या चुलत्याच्या हॉटेलात धाडलं. मी कॉमर्सला गेलो. विल्सन चर्चच्या गायकवृंदात गाऊ लागला. ‘द मिडनाइट अँकर्स’ बुडाले आणि बुडबुडासुद्धा आला नाही. आम्ही आमचं स्वतःचं एकही रेकॉर्डिंग कधी ऐकलं नाही. ते मुरतच राहिलं.

काका गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी शेवटच्या दर्शनाला गेलो होतो. रीतीप्रमाणे कोणीतरी कापसाचे बोळे आणले, तेव्हा काकी पुढे झाल्या आणि त्यांनी काकांच्या डाव्या कानातला कापूस काढला, नवा घालू दिला नाही. “जाताना तरी सगळं नीट ऐकत जाऊ दे,” म्हणाल्या. इतका वेळ धीराने उभा असलेला मी तिथे मात्र ढसाढसा रडलो.

आता यंदाची गोष्ट. विल्सनच्या मुलीचं, रियाचं लग्न ठरलं.

विल्सनबद्दल एक सांगायचं राहिलं. रिया पाळण्यात असताना त्याला घशाचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी जीव वाचवला, स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून तो बोलत नाही. गळ्याला लावून बोलायचं यंत्र आणलं होतं. त्याने ते एकदा लावलं, स्वतःचा तो खरखरीत आवाज ऐकला आणि कपाटात ठेवून दिलं. तो मोबाइलवर लिहितो, हातवारे करतो आणि घाई असली की टेबलावर बोटांनी वाजवतो. बायकोला हाक मारायची एक चाल, रियाला हाक मारायची दुसरी, जेवण वाढा म्हणायची तिसरी. त्याची केळीची वाडी छान चालली आहे. माणूस मजेत आहे. पण आवाज नाही.

मी कामणला एका गोदामाच्या ऑफिसात हिशेब सांभाळतो. शनिवारी येताना सांडोरला विल्सनकडे चहाला थांबायचं, हा नेम. असाच बसलो होतो, विल्सन वाडीत पाणी सोडायला गेला होता. रिया माझ्यासमोर येऊन बसली.

“अंकल, एक विचारू? डॅडीचा आवाज कसा होता?”

मी गडबडलो. “चांगला होता गं.”

“चांगला म्हणजे? सगळे हेच बोलतात, चांगला होता. मम्मी पण. मला एकदा पण आठवत नाही. लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे ना त्यांची, ती पूर्ण बघितली मी. व्हिडिओवाल्याने सगळीकडे पिक्चरची गाणी टाकलीत. डॅडीचे ओठ हलतात आणि मागे कोणीतरी हिरो गातो. इतका राग आला ना.” तिने माझा रिकामा कप उचलला. “टोस्टला सगळ्यांचे पप्पा बोलतात. माझ्या लग्नात मामा बोलणार. ठीक आहे, चालेल. पण मला फक्त एकदा ऐकायचा होता.”

इथल्या ख्रिस्ती लग्नांत जेवणाआधी टोस्ट असतो. घरातलं मोठं माणूस नवरानवरीसाठी चार गोड शब्द बोलतं, सगळे ग्लास उंचावतात आणि मग जेवण उघडतं. त्या पोरीचा चेहरा पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, “अगं, आहे की! कॅसेट आहे आमच्या बँडची.”

जीभ चावली, पण उशीर झाला होता. रियाने मला मिठीच मारली. विल्सन आला, त्याला कळलं, तर त्याने टेबलावर धाडकन हात मारला आणि मोबाइलवर लिहून माझ्या नाकासमोर धरलं: ‘काका पुसणार म्हणाले होते. आणि गाणी ऐकून नवरा पळून जाईल.’ हसत होता, पण कपाळावर घाम होता. थोड्या वेळाने त्याने पुन्हा लिहिलं, या वेळी रियाला दिसणार नाही असं: ‘मिळाली तर बघ.’

दुसऱ्याच दिवशी मी काकींकडे गेलो. काकी आता वाकल्या आहेत, पण नजर घारीची. मला पाहताच म्हणाल्या, “परात!”

शेड तशीच होती. धंदा आता मुलगा बघतो, त्याचे मोठमोठे काळे बॉक्स आहेत. कोपऱ्यात बरणी होती. फडकं काढलं आणि आत पाहिलं. मीठ कुठलं? इतक्या पावसाळ्यांत मिठाला पाणी सुटून, आटून, पुन्हा सुटून खाली तपकिरी चिखल झाला होता. त्यात कॅसेट रुतलेल्या. एक ओढली तर स्क्रू गंजून तिचे दोन तुकडे हातात आले आणि आतली फीत शेवाळासारखी ओघळली. मिठात काय कुजत नाय म्हणे! अहो, मीठच हवेतलं पाणी ओढून घेतं, हे मिठागरात वाढलेल्या माणसाला माहीत नसावं? की माहीत असूनही बालपणीच्या त्या राशींवर त्यांचा जास्त विश्वास होता? मला काकांचा इतका राग आला की ते समोर असते तर मी भांडलो असतो. मी तिथेच भाताच्या गोणीवर बसलो. त्या पोरीला आता काय सांगू?

“काय शोधतंस?” काकी.

“लाल चिंधीची कॅसेट होती हो काकी आमची. गेली. सगळं गेलं.”

काकी शांतपणे घरात गेल्या. मी मागोमाग. त्यांनी तांदळाच्या पिंपाचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात खुपसला, चाचपला आणि एक कॅसेट बाहेर काढली. मग दुसरी. तिसरीला लाल चिंधी होती. तांदळाचा एक दाणा चिंधीत अडकला होता.

“पयल्याच पावसात मिठाला पानी सुटलं,” त्या म्हणाल्या. “भाजीला मीठ नवतं म्हनून मी बरनीत हात घातला, तर हात ओला. वरच्या वरच्या काढल्या, तांदळात घातल्या. खालच्या नाय निघाल्या. दर वर्साला तांदूळ बदलला तरी ह्या परत आत.”

“काकांना सांगितलं नाहीत?”

“कशाला? तुमच्यानंतर फडकं सोडलं नाय, नुसता रोज सकाळी बरनीवर थोपटायचा तो. मीठ नासलं म्हनून कसं सांगू त्याला?” मग डोळे बारीक करून म्हणाल्या, “आनि माझं ऐकला असता काय? चांगला कान मशीनला.”

मी वाकून त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “परात देशील नवी.”

काकांचा जुना टेपरेकॉर्डर मुलाने साफ करून दिला. मी दुपारीच विल्सनच्या ओसरीवर पोचलो, काकींनाही सोबत घेऊन. विल्सन, त्याची बायको, रिया आणि तिचा होणारा नवरा, सगळे गोल बसले. मी बटण दाबलं.

खर्र. मग आमचा बँड.

देवा! इतकी वर्षं मनातल्या मनात आम्ही केवढे मोठे होतो. प्रत्यक्षात परात आणि ढोल यांची मारामारी चालली होती आणि तिच्यात दोन भाऊ आपापल्या रस्त्याने निघाले होते. वर विल्सन नाकातून बेबी-बेबी करत होता. नवरदेव भुवया वर करून चपलांकडे पाहत होता. विल्सनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रिया कान लावून ऐकत होती. दुसरं गाणं, तिसरं गाणं. हळूहळू तिचा चेहरा उतरला.

“हे डॅडी आहेत?” तिने हलकेच विचारलं. “हा तर कोणी फॉरेनर वाटतो.”

खरंच होतं ते. त्या गाण्यांत विल्सन नव्हताच. तो आवाज त्याने मामांच्या कॅसेटींतून उचलला होता. आणि त्याच्या स्वतःच्या आवाजाचं जे काही होतं, ते काकांनी पुसतो म्हणून सांगितलं होतं. शेवटचं गाणं संपलं, परातीचा तडाखा वाजला. मी बंद करायला हात पुढे केला. विल्सनने माझं मनगट धरलं.

टेपमधून काकांचा आवाज आला. “आता गप. जागेला पन वाजू द्या.”

काकींनी पदर तोंडाला लावला. ओसरीवर कोणी हललं नाही. टेपमध्ये इंजिन चाललं होतं. बेडूक. झावळ्यांची सळसळ. पुसलं असलं तर इथेच पुसलं असणार. आणि मग, मऊ, जरा घोगरा, अगदी शेजारी बसल्यासारखा आवाज:

“अवो काका, झाला का नाय? भूक लागली मना. आय वाट बगते घरा.”

मागोमाग काकांची गर्जना: “पुसनार! विल्सन, सगळा पुसनार हाय मी हे!” खट्. टेप थांबली.

मग रिया एकदम हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. “मम्मी, हा तर माझ्यासारखा बोलतो! मी असंच बोलते ना? घरा आली की मी असंच ओरडते ना?” तिची आई मान डोलवत होती. विल्सनचे खांदे गदगदत होते. तो हसतो तेव्हा आवाज होत नाही, फक्त खांदे हलतात. काकी एवढंच म्हणाल्या, “लबाड. म्हने पुसनार.” माझ्या छातीवरून केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! मी दोन कप चहा प्यायलो आणि तिसरा मागितला.

रियाने तेवढा तुकडा त्या दिवसात किती वेळा लावला, त्याला गणती नाही.

लग्न झालं. रिसेप्शनला काकांच्या मुलाचाच साउंड होता. तो माइक घेऊन ‘हॅलो, हॅलो’ करू लागला तेव्हा मी त्याला दटावलं. त्याने हसून “सुरमई, पापलेट, बोंबील” म्हटलं आणि मागच्या टेबलांवरच्या जुन्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी टोस्ट सुरू केला. मामा म्हणजे रियाचे मामा, गृहस्थ चांगले, पण बोलायला उभे राहिले की बसायचं विसरतात. रियाच्या बारशापासून सुरुवात केली. चर्चमधली पहिली कम्युनियन आली, शाळा आली, कॉलेज आलं. ग्लास हातात धरून लोकांचे दंड भरून आले. कॅटररची पोरं झाकणांवर हात ठेवून उभी.

रिया स्टेजवरून विल्सनकडे पाहत होती. विल्सनने टेबलावर बोटांनी वाजवलं. जेवण वाढा म्हणायची ती चाल. रियाने साउंडवाल्याला मानेने खूण केली.

आणि हॉलभर, काकांच्या भोंग्यांहून कितीतरी मोठ्या त्या काळ्या बॉक्समधून, सोळा वर्षांचा विल्सन बोलला:

“अवो काका, झाला का नाय? भूक लागली मना!”

अख्खा हॉल फुटला. मामांना ग्लास उंचावण्यावाचून गत्यंतरच राहिलं नाही. ज्यांनी तो आवाज पूर्वी ऐकला होता ते विल्सनकडे वळून पाहत होते, आणि विल्सन जागेवर उभा राहून, एका हाताने सूट सावरत, आपलं भाषण झाल्यासारखा चारी दिशांना मान झुकवत होता. रिया धावत खाली आली आणि त्याच्या गळ्यात पडली.

जेवण उघडलं. सुरमई होती.